तिसऱ्या गोदामाची मोजणी

३ मार्च

मावशी,

हे पत्र कामाचं आहे, म्हणून फोन न करता लिहिते आहे. फोन केला असता तर तू उचलला असतास का, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवते.

माझा प्रबंध संपत आला आहे. लेखाशास्त्रातली डॉक्टरेट म्हणजे काय, हे तू आईला सांगितलं होतंस: "आपण हिशेब तपासतो. ही हिशेब तपासणाऱ्यांना तपासणार. उंटावरून शेळ्या हाकायला पाच वर्षं?" आईने ते जसंच्या तसं माझ्यापर्यंत पोहोचवलं, तुझ्या आवाजासकट. आता सहावं वर्ष चालू आहे.

विषय थोडक्यात असा. शिस्त समितीने ज्या ऑडिटरांना शिक्षा केली, त्यांचं पुढचं काम सुधारतं का? त्यासाठी मी समितीचे तीनशे अठरा निकाल जमवले. प्रत्येक निकाल वाचायचा आणि त्यातल्या चुकीला एक आकडा द्यायचा. नुसती कागदातली त्रुटी असेल तर एक. काम झालं, पण पुरावा अपुरा, तर दोन. कामच झालं नाही, तर तीन. एकाच माणसाने आकडे दिले तर त्याचा कल त्यात उतरतो. म्हणून दुसरी व्यक्ती तेच निकाल स्वतंत्रपणे वाचते, आणि मग दोघांचे आकडे शेजारी ठेवून पाहतात.

माझ्या यादीत नावं नाहीत, फक्त क्रमांक आहेत. तुझा क्रमांक एकशे त्रेचाळीस.

दुसरी वाचणारी आमच्या विभागातली नवी विद्यार्थिनी आहे. तिला सगळे शंका म्हणतात. दर वाक्याला ती प्रश्न विचारते आणि उत्तर मिळालं की आणखी एक. तीनशे अठरापैकी सत्तावीस निकालांत आमचे आकडे जुळले नाहीत. ते मिटवायला आम्ही सोमवारी ग्रंथालयात बसलो. बाविसाव्या जागी तुझा निकाल आला.

"ताई, एकशे त्रेचाळीसला तुम्ही तीन दिलाय."

"हो."

"मी दोन दिलाय."

"मोजणी झाली नव्हती," मी म्हटलं. "मालाची मोजणी न करताच सही केली. तीन."

"झाली नव्हती असं कुठे लिहिलंय?"

मी पानं चाळली. तिने थोडा वेळ चाळू दिली. मग विचारलं, "ताई, तुम्ही नववं पान वाचलंय का?"

नवव्या पानावर वाक्य आहे: "मोजणी झाली नाही असे म्हणता येत नाही; मात्र ती झाल्याचा ग्राह्य पुरावा धारिकेत नाही." म्हणजे दोन. शंकेचा आकडा बरोबर होता. त्याखाली आणखी एक परिच्छेद आहे. त्याबद्दल पुन्हा कधी.

मी त्याच दुपारी मार्गदर्शक बाईंकडे गेले आणि सांगितलं की हा निकाल माझ्या सख्ख्या मावशीचा आहे. आपलं माणूस म्हणून सूट दिली असं कोणी म्हणू नये, यासाठी मी बहुधा जास्त कडक आकडा दिला असेल, असंही सांगितलं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तीनशे अठरातला एक. त्याने निष्कर्ष हलणार नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही का हलताय?"

त्यांनी हा एक निकाल तिसऱ्या व्यक्तीकडून वाचून घ्यायला सांगितला आणि तळटिपेत नातं नोंदवायला सांगितलं. मी दारापर्यंत गेल्यावर त्यांनी विचारलं, "हे त्यांना छापून आल्यावर कळणार, का आधी?"

म्हणून आधी कळवते आहे. तळटिपेत एवढंच लिहीन, की लेखिका त्या काळात संबंधित कार्यालयात, म्हणजे तुझ्याकडे, उमेदवारी करत होती आणि डॉक्टरेटला प्रवेश मिळाल्यावर तिने ते सोडलं. प्रवेशपत्र नऊ जुलैला आलं. समितीची नोटीस त्यानंतर आली. त्यामुळे त्या प्रकरणाशी माझा संबंध मर्यादित आहे.

आक्षेप असेल तर कळव. पत्ता वर आहेच.

तुझी भाची

१९ मार्च

मावशी,

तुझं उत्तर आलेलं नाही. ते आलं नाही म्हणून हे लिहीत नाही. मागच्या पत्रात एक तारीख चुकीची आहे आणि ती मी नजरचुकीने लिहिलेली नाही.

प्रवेशपत्र नऊ जुलैला आलं, हे बरोबर. नोटीस त्यानंतर आली, हे खोटं. नोटीस अठ्ठावीस मेला आली. तू ती उभ्याउभ्या वाचलीस, पाकिटात परत घातलीस आणि मला म्हणालीस, "रंगाच्या कंपनीची फाईल काढ." डॉक्टरेटचा अर्ज मी एकोणतीस मेला केला. अर्जाची शेवटची तारीख तीस होती.

म्हणजे मला प्रवेश मिळाला म्हणून मी गेले नाही. मला जायचं होतं म्हणून मी प्रवेश शोधला.

आता नवव्या पानाचा दुसरा परिच्छेद. तुला तो पाठ असेल. मी तो या महिन्यात पहिल्यांदा वाचला. "मोजणीस गेलेल्या व्यक्तीचे नाव समितीने विचारले असता त्यांनी ते देण्यास नकार दिला. सही माझी आहे, प्रश्न मला विचारा, असे त्यांनी सांगितले."

मी तीनशे सतरा निकाल पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचले आहेत. तुझा चौथ्या पानापर्यंत वाचला, आकडा दिला आणि बंद केला. बाईंना मी कडकपणाचं कारण दिलं ते ऐकायला बरं होतं. खरं कारण असं, की पाचव्या पानापासून कागदांची चर्चा सुरू होते आणि ते कागद माझे होते.

ते कागद कसे होते हे समितीने नीट लिहिलं आहे. एकाच पेनाने लिहिलेले, एकही खाडाखोड नाही, गोदामवाल्याची सही नाही, "मागाहून तयार केल्यासारखे". समितीचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर आहे. ते मागाहूनच तयार केलेले होते. मी मोजणीच्या संध्याकाळी घरी बसून ते फेअर केले. पट्टी घेऊन रकाने आखले. मूळ कागदांवर रंगाचे अंगठे उमटले होते, एक कोपरा ओला झाला होता, गोदामवाल्या काकांनी निळ्या पेन्सिलीने तिरकी सही केली होती. मला ते फाईलला लावायची लाज वाटली. तू मला फुटपट्टी म्हणायचीस आणि मला तो मान वाटायचा. तू नेहमी म्हणायचीस, फाईल उघडणाऱ्याला त्रास होता कामा नये. मूळ कागद मी फाडले आणि टाकून दिले. चार तुकडे करून.

दीड वर्षाची उमेदवारी झाली होती माझी. सही असलेला मळका कागद हा पुरावा असतो आणि स्वच्छ नक्कल ही काहीच नसते, हे मला माहीत असायला हवं होतं. परीक्षेत विचारलं असतं तर बरोबर उत्तर दिलं असतं.

पुढच्या वर्षी कंपनी बुडाली. माल मुळात होता तरी का, असा प्रश्न आला. नोटीस आली त्या दिवशी तू फाईल पाहिलीस आणि मला विचारलंस, "मूळ कागद कुठे आहेत?"

मी म्हटलं, "फाईलमध्ये आहेत तेवढेच आहेत."

प्रत्येक शब्द खरा होता. तू माझ्याकडे बघितलंस आणि पुढे काही विचारलं नाहीस. त्यानंतर सुनावणी झाली, एक वर्षासाठी तुझं नाव ऑडिटरांच्या यादीतून काढलं, वरचा मजला सोडून तू एका खोलीत आलीस. हे सगळं मला आईकडून कळत गेलं. मी इथे रकाने आखत होते आणि तोंडातून ब्र काढला नाही. आईच्या ऑपरेशनच्या वेळी तू सकाळी दवाखान्यात यायचीस, मी दुपारी. थर्मास आपण नर्सकडे ठेवायचो.

हे लिहून झालं. खांदे खाली आले आणि भूक लागली. हे तुला सांगणं योग्य आहे का, मला माहीत नाही. पण खरं आहे.

आता तळटीप बदलावी लागेल. तू काय ते ठरवून सांग. तू नको म्हणालीस तर एकशे त्रेचाळीस मी नमुन्यातून काढून टाकीन आणि बाईंना कारण देईन.

तुझी भाची

६ एप्रिल

मावशी,

तुझं कार्ड आज आलं. मी ते तीनदा वाचलं. तू लिहिलंस: "तू खरंच गेली होतीस? तिसऱ्या गोदामात आत शिरल्यावर काय दिसतं, ते लिही. आईला विचारू नकोस, तिला ठाऊक नाही."

तुला वाटत होतं, मी गेलेच नव्हते.

सहा वर्षं मी समजत होते, की मी मूळ कागद जपून ठेवले नाहीत म्हणून तू रागावली आहेस. आणि तू समजत होतीस, की मी घरी बसून मोजणीचे आकडे रचले. म्हणजे तू नाव द्यायला नकार दिलास तो हलगर्जी पोरीसाठी नाही. खोटारड्या पोरीसाठी. आणि म्हणूनच त्या दिवशी तू पुढचा प्रश्न, मी गेले होते का, हा विचारला नाहीस. मी "नाही" म्हटलं असतं तर तुला ते समितीला सांगावं लागलं असतं.

राग यायला हवा होता मला. आला नाही. तुझ्या जागी मीही तेच समजले असते. इतके स्वच्छ कागद.

तू स्वतः दोन वर्षं आधी तिथे मोजणी केली होतीस, हे मला आठवलं. म्हणजे तू पडताळणार. बरं झालं. मला नुसतं माफ केलं असतंस तर मी काय करणार होते?

तर तिसरं गोदाम.

दार पूर्ण उघडत नाही. खाली अडकतं. आडवं होऊन आत जावं लागतं आणि आत पायरी नसलेली उतरण आहे, वीतभर. मी तिथे अडखळले. काका म्हणाले, "सगळेच पडतात, तुम्ही पडल्या नाहीत." आत शिरल्यावर समोर भिंत दिसत नाही, डबे दिसतात. डाव्या हाताला एक बंद पडलेला वजनकाटा आहे, माणूस उभा राहील एवढा. काकांनी त्यावर जेवणाचा डबा ठेवला होता. पत्र्याला उजवीकडे वर एक चौकोनी भोक आहे, तेवढाच उजेड.

कंपनीच्या यादीत एकावर एक चार डबे लिहिले होते. प्रत्यक्षात तीनच रचले होते, कारण मधे छताची तुळई खाली आली आहे. मी ते काकांना दाखवलं. ते म्हणाले, "यादी बाकीच्या गोदामांवरून केली असेल बाई. साहेब कुठे इकडे येतात." मागच्या रांगेपर्यंत जाता येत नव्हतं. मी एका डब्यावर चढून झाकणं मोजली. एका बाजूला सतरा डबे झाकणाशिवाय होते. काका म्हणाले, रिकामे आहेत. अंधारात आतलं दिसेना, म्हणून मी किल्लीने एकेक वाजवून पाहिला. सोळा रिकामे वाजले. एक भरलेला वाजला. त्यात वाळून दगड झालेला पिवळा रंग होता. तो मी "निकामी" म्हणून वेगळा लिहिला. काका म्हणाले, "एका डब्यासाठी एवढं? तुमची मावशी पण अशीच वाजवत होती."

हे वाक्य मी मुद्दाम शेवटी लिहिलेलं नाही. ते तिथेच म्हणाले.

तिसऱ्या गोदामाचा एकूण आकडा मला आठवत नाही. हजाराच्या वर होता. खूप प्रयत्न केला. पहिल्या गोदामाचा थोडाफार आठवतो, पण तो फेअर करताना पुन्हा लिहिल्यामुळे आठवतो की मोजल्यामुळे, हे मला सांगता येणार नाही. म्हणून तोही लिहीत नाही. फाईलची प्रत तुझ्याकडे असेल. मला ती पाठवू नकोस, मी ती बघितल्यावर माझ्या आठवणीला काही किंमत उरणार नाही.

आणखी काही विचारायचं असेल तर विचार. क्रम तुझा.

तुझी भाची

२३ एप्रिल

मावशी,

जीव भांड्यात पडला. एवढंच लिहून पाकीट बंद करणार होते, पण कामाच्या दोन गोष्टी आहेत.

आधी तुझ्या पत्राबद्दल. "फुटपट्टी, आकडा सांगितला असतास तर विश्वास बसला नसता. रचणाऱ्याला आकडा पाठ असतो, वजनकाटा माहीत नसतो." मी हे शंकेला दाखवलं. फक्त ही दोन वाक्यं, बाकी पत्र झाकून. ती म्हणाली, "ताई, हे तुमच्या तीन प्रकरणांपेक्षा चांगलं आहे." मग विचारलं, "वजनकाटा कसला?" मी म्हटलं, "ते एक लांबलचक प्रकरण आहे." ती म्हणाली, "मला वेळ आहे." मला नव्हता. तरी सांगितलं. घराबाहेरच्या माणसाला मी हे पहिल्यांदाच सांगितलं. तिने एकही प्रश्न विचारला नाही. मी घाबरून तिला विचारलं, "बरी आहेस ना?"

तू शिव्याही दिल्या आहेस, त्या पोहोचल्या. "कागद फाडलेस ते दीड दमडीच्या अकलेने. गप्प राहिलीस ते मात्र अक्कल असून." दोन्ही मान्य. दुसरं जास्त मान्य.

आता काम. एक: तुझ्या परवानगीप्रमाणे एकशे त्रेचाळीस नमुन्यात राहिला आहे. दुसऱ्या विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांनी तो वाचला, त्यांना आमचं नातं माहीत नव्हतं. त्यांनी दोन दिला. निष्कर्ष हलला नाही, बाई म्हणाल्या होत्या तसंच.

दोन: मी समितीच्या कार्यालयात गेले होते. तू म्हणालीस जाऊ नकोस, पण तुझं पत्र येण्याआधीच मी गेले होते, त्यामुळे हा आज्ञाभंग धरू नये. तिथे खिडकीवर एक कारकूनबाई होत्या. मी म्हटलं, मला एका जुन्या निकालाबाबत निवेदन द्यायचं आहे.

"अपील का? मुदत संपली."

"अपील नाही. मूळ कागद मी नष्ट केले होते, एवढं सांगायचं आहे."

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "निकाल तुमच्याविरुद्ध होता?"

"नाही."

"मग तुम्हाला कोणी बोलावलंय?"

"नाही."

"मग कशाला आलात बाई पायाने चालत!" असं म्हणून त्यांनी शिक्का शोधायला सुरुवात केली. निकाल बदलणार नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. पण निवेदन धारिकेला जोडता येतं. त्यावर माझी सही आहे, तारीख आहे आणि त्यांचा शिक्का जरा वाकडा लागला आहे. प्रत सोबत पाठवते. यात मोजणी मी केली हे लिहिलं आहे, मूळ कागद मीच फाडले हे लिहिलं आहे, आणि तुला ते माहीत नव्हतं हेही.

परिणाम काय व्हायचा तो होवो. त्या म्हणाल्या, उमेदवारी करणाऱ्यावर समिती कारवाई करत नाही. "फार तर तुम्हाला एक पत्र येईल." मी म्हटलं, येऊ दे.

बाहेर पडल्यावर मी चुकीच्या दिशेने पंधरा मिनिटं चालत गेले आणि मला ते कळलं नाही. मी कधी रस्ता चुकत नाही, तुला माहीत आहे.

गुडघ्याचं काय म्हणाले डॉक्टर? खरे डॉक्टर.

तुझी भाची

१७ जून

मावशी,

काल व्हायवा झाला. निकाल आईने तुला पाच मिनिटांत कळवला असेल, त्यामुळे तो पुन्हा लिहीत नाही. ज्याला तिने कळवला नाही असं रस्त्यावर कोणी उरलं असेल असं वाटत नाही.

बाहेरचे परीक्षक जुन्या वळणाचे होते. सुरुवातीला त्यांनी पद्धतीवर पाऊण तास घेतला. मग तळटीप सतरा काढली आणि मोठ्याने वाचली: "निकाल क्रमांक १४३ मधील मोजणीस गेलेली व्यक्ती म्हणजे प्रस्तुत लेखिका. मूळ नोंदी तिने स्वतः नष्ट केल्या. संबंधित ऑडिटरना त्याची कल्पना नव्हती. लेखिकेने या निकालाला प्रथम दिलेला आकडा चुकीचा होता."

"हे लिहायची काय गरज होती?" ते म्हणाले. "दुरुस्ती झाली होती. कोणाला कळलं नसतं."

मी म्हटलं, "सर, माझा सगळा प्रबंध ज्या माणसांवर आहे, त्यांच्याबद्दलही कोणाला काही कळलं नसतं. कोणीतरी फाईल उघडली म्हणून कळलं."

ते हसले नाहीत. बाईंनी मात्र चष्मा काढून टेबलावर ठेवला. आता मला त्याचा अर्थ कळतो: त्या मनापासून ऐकतात तेव्हा तसं करतात. परीक्षकांनी शेवटी विचारलं, की शिक्षेनंतर काम सुधारतं, या निष्कर्षाचं तुमच्या मते कारण काय? पुस्तकी उत्तर माझ्याकडे होतं, ते दिलं. दुसरं उत्तर दिलं नाही, कारण त्याला माझ्याकडे एकच उदाहरण आहे आणि एका उदाहरणावरून निष्कर्ष काढत नाहीत. ते उदाहरण म्हणजे तू. यादीवर नाव परत आल्यावर तू अकरा वर्षांच्या जुन्या फायली काढून पुन्हा तपासल्यास, असं आई सांगते. कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटतं तू माझ्या हातच्या फायली आधी घेतल्या असशील. त्यांत काही सापडलं असतं तर मला आतापर्यंत कळलं असतं, असं समजते.

आज सकाळी आईचा फोन आला. ती म्हणाली, "तुझ्या मावशीचा निरोप आहे. शब्दशः सांगते, नाहीतर तुम्ही दोघी माझा जीव खाल. तीस तारखेला एका लाकडाच्या वखारीची मोजणी आहे. माणूस कमी आहे. गुडघ्यांमुळे तिला ओंडक्यांवर चढवत नाही, त्यामुळे ती येणार नाही, एकटीला जावं लागेल. आणि म्हणाली, तिला सांग, डॉक्टर असली तरी भत्ता उमेदवारीचाच मिळेल."

मी विचारलं, "एकटीला, असंच म्हणाली?"

"दोनदा म्हणाली. मलाही वाटलं मी चुकीचं ऐकलं."

मी फोन ठेवला आणि विभागाच्या जिन्यात बसले. कोणी विचारलं तर पायाला मुंग्या आल्या आहेत असं सांगायचं ठरवलं होतं. विचारलं कोणी नाही. वीस मिनिटांनी शंका आली, शेजारी बसली आणि तिने अर्धं केळं दिलं.

मी येते. भत्त्याबद्दल तक्रार नाही. पण मला लाकडातलं काही कळत नाही. कुठलं ओलं, कुठलं वाळलेलं, कशाला कीड लागली, हे बघून ओळखता येत नाही. म्हणून एकोणतीसला सकाळच्या गाडीने आधी तुझ्याकडे येईन. दिवसभर शिकव. जे कळणार नाही ते मी पुन्हा विचारीन, आणि तूही विचार, मला जे काय विचारायचं राहिलं असेल ते.

गाडी साडेदहाला पोहोचते. स्टेशनवर येऊ नकोस, गुडघे सांभाळ. दाराला कडी मात्र लावू नकोस.

फुटपट्टी